शेंगांच्या टरफलांनी पाण्यातलं तांबं काढायचं कसं: नवशिक्यांसाठी, सोलापूरच्या हिशोबाने

सोलापुरात शेंगाचटणी किती खपते ते सांगायला नको, पण त्या दाण्यामागे जी टरफलं निघतात (हो, तीच, टिळकांच्या शाळेच्या गोष्टीतली) ती बहुतेक बॉयलरमध्ये नाहीतर भट्टीत जातात. हीच टरफलं धुवून दळून, मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार) विरघळवलेल्या पाण्यात टाकून तासभर हलवली की पाण्यातलं बऱ्यापैकी तांबं ती स्वतःकडे ओढून घेतात. डाळिंबाच्या सालीला हे जमतं, उसाच्या चिपाडाला जमतं, वापरलेल्या चहापत्तीला, केळीच्या सालीला पण जमतं, कमी-जास्त एवढंच. बीएस्सीच्या प्रोजेक्टला आणि विज्ञान प्रदर्शनाला दरवर्षी कोणी ना कोणी हा विषय घेतंच आणि फायलीत शेवटी "९५ टक्के धातू निघाला" असं लिहिलेलं असतं. निघाला असेलही, पण तो टरफलाने काढला का फिल्टर पेपरने खाल्ला का नुसता साका होऊन तळाला बसला हे विचारलं की गप्प. म्हणून हे लिहितोय. प्रयोग करायला सोपा आहे, आकडा खरा आणायला जरा जीवावर येतं, आणि मला विचाराल तर सगळी मजा त्या दुसऱ्या भागातच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण फोनवर फिरणारे व्हिडिओ बघून लोक भलतंच करतात. हे पाणी प्यायचं नाही. साधा हिशोब बघा, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३ आणि निकेलची ०.०२. आता समजा पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम शिसं होतं आणि तुमच्या पावडरीने ९९ टक्के काढलं, टाळ्या वगैरे झाल्या, तरी १ मिलिग्रॅम उरलं, म्हणजे मर्यादेच्या १०० पट. त्यामुळे घरच्या बोअरच्या पाण्याची शंका असेल तर आधी टेस्ट करून घ्या आणि विचारताना "हेवी मेटल करता का" असं स्पष्ट विचारा, कारण नेहमीच्या टेस्टमध्ये टीडीएस, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट एवढंच येतं. आणि निवळीच्या बिया किंवा शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी नितळ होतं ते वेगळं काम, तिथे गाळ खाली बसतो. विरघळलेला धातू डोळ्याला दिसतच नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असून त्यात शिसं असू शकतं.

हे होतं कसं, थोडक्यात

टरफलात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन असतं, सालींमध्ये वर पेक्टिन आणि टॅनिन. ह्या सगळ्यांच्या अंगावर कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्यात तांबं, शिसं, कॅडमियम, निकेल हे धन भार घेऊन फिरत असतात आणि ह्या गटांना जाऊन चिकटतात, बऱ्याचदा तिथे आधीच बसलेला कॅल्शियम नाहीतर हायड्रोजन उठवून. ह्याला अधिशोषण म्हणतात. गड्ड्याच्या जत्रेतला मोठा पाळणा आठवा, पाळण्यात जागा ठरलेल्या आणि रांगेत गर्दी. पाणी आंबट असेल तर हायड्रोजन आयन आधीच सगळ्या जागा अडवून बसतात आणि तांब्याला जागाच मिळत नाही, बोअरचं क्षाराचं पाणी घेतलं तर कॅल्शियम-मॅग्नेशियम पण त्याच रांगेत घुसतात. पुढचं अर्ध्याहून जास्त काम ही रांग सांभाळायचंच आहे.

सुरुवात तांब्यानेच का

नवीन माणसाने शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा ह्यांच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तांबं त्यातल्या त्यात सोयीचं. मोरचूद आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं कारण डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी सगळे बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारतात, रंग निळा असल्यामुळे काय चाललंय ते डोळ्याने दिसतं, आणि मोजायला महागडं मशीन नसलं तरी चालतं. म्हणजे विषारी नाही असं नाही हं, पोटात गेलं की उलट्या होतात, डोळ्यात उडालं तर वाईट, आणि माशांना तर फारच थोडं पुरतं. हातमोजे, चष्मा, आणि प्रयोगाची भांडी परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत एवढं पाळा.

माल कुठला घ्यायचा

पहिल्यांदा शेंगांची टरफलंच घ्या. डाळिंबाची साल मोहात पाडते, ज्यूसवाल्याकडे पोतं भरून फुकट मिळते, जिल्हा डाळिंबाचा, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, प्रोजेक्टला नाव पण छान दिसतं. पण डाळिंबाच्या सालीत टॅनिन इतकं असतं की तिचा कापडाला रंग द्यायला वापर होतो. ते टॅनिन पाण्यात उतरतं, पाणी पिवळं-तपकिरी होतं, आणि उतरलेलं टॅनिन तांब्याला पाण्यातच धरून ठेवतं. म्हणजे तुम्ही धातू काढायला गेलात आणि पाण्यात नवीन घाण सोडून आलात. वापरायचीच असेल तर गरम पाण्यात परत परत धुवावी लागते आणि दरवेळी वरचं पाणी तपासावं लागतं. तपासायला सोपी युक्ती, धुतलेल्या पाण्याचा एक चमचा बशीत घ्या, त्यात हिराकसाचे (फेरस सल्फेट) दोन-चार दाणे टाका आणि थोडा वेळ हवेत ठेवा, काळपट-निळं झालं की टॅनिन अजून आहे.

उसाचं चिपाड चांगलं पण साखर अडकलेली असते, नीट धुतलं नाही तर दुसऱ्या दिवशी आंबल्याचा वास. शिवाय "कारखान्याचा फुकट कचरा" असं प्रोजेक्टमध्ये लिहू नका, बगॅस आता बॉयलरला आणि वीजनिर्मितीला जातो, त्याला भाव आहे. तुरीच्या भुशाचं पण तेच, तो जनावरं खातात. जे खरंच कोणी विकत घेत नाही आणि वर्षभर एकाच ठिकाणी सापडतं तेच घ्यायचं, हे ठरवताना केमिस्ट्रीपेक्षा अडत्याला विचारलेलं बरं.

धुणं, वाळवणं, दळणं

टरफलांना माती भरपूर असते. शेंग जमिनीत वाढते, त्यामुळे प्रत्येक खाचेत काळी माती बसलेली, आणि काळी माती स्वतःच तांबं धरते. मग तुम्ही मोजणार काय, टरफल का माती? आधी नळाच्या पाण्यात बादलीत चोळून, मग गरम पाण्यात अर्धा तास, मग शेवटचे दोन हात डिस्टिल्ड वॉटरने. डिस्टिल्ड म्हणजे बॅटरीत घालायचं पाणी, गॅरेजजवळ कॅन मिळतात. वरचं पाणी बिनरंगी होईपर्यंत धूत राहायचं.

मग गच्चीवर ऊन. एप्रिल-मेचं सोलापूरचं ऊन असेल तर एका दिवसात कडकडीत होतात, बाकी वेळी दोन दिवस धरा आणि वरून पातळ कापड टाका नाहीतर धूळ बसून परत पहिल्यापासून. ओव्हन असेल तर ६० ते ७० अंशाला रात्रभर. त्याच्या फार वर नको, करपलं तर माल वेगळाच होतो. हातात घेऊन मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे.

दळताना तोंडाला मास्क बांधा, टरफलाची धूळ घशात बसली की दिवसभर खाकरत बसाल. मिक्सरचं भांडं एक ह्यासाठीच ठेवा. दळल्यावर दोन चाळण्या, रव्याच्या चाळणीतून जे खाली पडेल ते घ्यायचं आणि त्यातलं मैद्याच्या चाळणीतून जे पडेल ते बाजूला काढायचं. म्हणजे मधला रवाळ माल. एकदम पीठ घेतलं तर धातू जास्त धरतं हे खरं, बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, पण ते पीठ गाळताना फिल्टर पेपर चोंदतो आणि थोडं पेपरमधून आरपार जातं. कॉलेजच्या लॅबमध्ये नंबरच्या चाळण्या असतील तर अर्धा ते एक मिलिमीटरचा माल काढा, दुसऱ्याला तोच प्रयोग परत करता येतो. बरणीत भरून तारीख लिहा. बुरशी लागली तर फेकून द्या, वाचवत बसू नका.

सायट्रिक ॲसिडचा हात (मन असेल तर)

नुसती टरफलं काम करतात पण मध्यमच. सायट्रिक ॲसिडने क्षमता चांगली वाढते कारण टरफलाच्या सेल्युलोजला नवीन कार्बॉक्सिल गट जोडले जातात, म्हणजे बसायला जागा वाढतात. ३५० मिली डिस्टिल्ड पाण्यात ४० ग्रॅमच्या आसपास सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच), त्यात ५० ग्रॅम पावडर, दोन तास भिजू द्या. निथळून ट्रेमध्ये पसरा, ५०-६० अंशाला पूर्ण वाळवा, आणि मग ओव्हन १२० अंशावर नेऊन दीड-दोन तास. खरी जोडणी ह्या १२० च्या टप्प्यात होते, तो चुकवला तर ॲसिड नुसतं वरवर सुकून बसतं आणि पहिल्या पाण्यात धुवून जातं.

नंतर धुणं मात्र अगदी मनापासून करा. सुटं राहिलेलं सायट्रिक ॲसिड तुमचा घात करतं, कारण टरफलाला जोडलेलं सायट्रिक तांबं पकडून टरफलाजवळ ठेवतं पण पाण्यात सुटं फिरणारं सायट्रिक तेच तांबं पकडून पाण्यातच ठेवतं. एकच वस्तू, एका जागी मित्र आणि दुसऱ्या जागी वैरी. धुतलेल्या पाण्याचा पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आंबट) आणि मूळ डिस्टिल्ड पाण्याचा पीएच पट्टीवर सारखा दिसेपर्यंत धुवा. ह्याच कारणाने पुढे पीएच कमी करायला लिंबू पिळायचं नाही की व्हिनेगर टाकायचं नाही.

तांब्याचं पाणी तयार करणं

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असतात, म्हणून एक ग्रॅम मोरचुदात तांबं साधारण पाव ग्रॅमच. मूळ द्रावणासाठी ३.९३ ग्रॅम मोरचूद, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर करा. हे झालं लिटरला १००० मिलिग्रॅम तांबं. त्यातलं १०० मिली घेऊन परत एक लिटर केलं की १०० मिलिग्रॅमचं पाणी तयार, प्रयोग ह्याच्यावर. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, तेवढा बास. दुकानातल्या मोरचुदात थोडी भेसळ-ओल असते, शिकायला चालतं, रिपोर्ट द्यायचा असेल तर लॅब ग्रेड आणा.

नळाचं किंवा बोअरचं पाणी इथे चालत नाही. आपल्याकडे खाली सगळा बेसाल्ट, काळा पाषाण, बोअरला कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. त्यात मोरचूद टाकलं की कधी कधी लगेच फिकट निळसर गढूळपणा येतो, म्हणजे पावडर टाकायच्या आधीच तांबं साका व्हायला लागलं.

रंग बघून मोजणं

ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं मशीन (पाण्यातल्या धातूचा नेमका आकडा देणारं) सगळ्यांकडे नसतं पण नेसलर ट्यूब कुठल्याही केमिस्ट्री लॅबच्या कपाटात धूळ खात पडलेल्या असतात. ५० मिलीच्या उंच सपाट बुडाच्या नळ्या. १०० च्या पाण्यापासून ५, १०, २०, ३०, ४०, ५० मिलिग्रॅमची पाणी बनवा (२० साठी १० मिली घेऊन ५० करायचं, बाकी त्याच हिशोबाने) आणि एक नळी नुसत्या डिस्टिल्डची. प्रत्येकीत २ मिली तीव्र अमोनिया, खिडकी उघडी ठेवून, तोंड लांब ठेवून. तांबं जास्त असलेल्या नळीत पहिले थेंब पडले की फिकट निळा ढग दिसतो, मग हलवलं की ढग विरघळतो आणि एकदम गडद, जांभळटाकडे झुकणारा निळा येतो. हा रंग साध्या मोरचुदाच्या पाण्यापेक्षा कितीतरी गडद. खाली पांढरा कागद ठेवून नळीत वरून, उभ्या दिशेने बघायचं, बाजूने नाही. वरून बघितलं की पूर्ण उंचीचा रंग एकावर एक जमा होऊन दिसतो आणि १० आणि २० मधला फरक सहज कळतो.

मर्यादा समजून घ्या. ५ च्या खाली डोळ्यावर विश्वास नको, आणि ५० च्या वरची नळी असेल तर अर्ध-अर्ध पातळ करून बघा आणि उत्तराला दोनने गुणा. कलरीमीटर (रंगाचा गडदपणा मोजणारं यंत्र) असेल तर साधारण ६०० नॅनोमीटरला वाचा. खरा शेवटचा आकडा हवा असेल तर दोन-चार निवडक सॅम्पल बाहेरच्या लॅबला पाठवा, प्लॅस्टिकच्या बाटलीत, नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणून, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटतो. ॲसिड टाकल्याचं बाटलीवर लिहायचं.

मुख्य प्रयोग

झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत २०० मिली. बाटली अ: तांब्याचं पाणी, पावडर नाही. बाटली ब: डिस्टिल्ड पाणी आणि १ ग्रॅम पावडर. बाटली क: तांब्याचं पाणी आणि १ ग्रॅम पावडर. क दोन करा, जमलं तर तीन. लोक फक्त क करतात आणि तिथेच सगळं बोंबलतं. अ सांगते की बाटलीने आणि फिल्टर पेपरने किती तांबं खाल्लं, ब सांगते की पावडरीचा स्वतःचा रंग किती उतरला, आणि ह्या दोन्ही कळल्याशिवाय क च्या आकड्याला अर्थ नाही.

पीएच आधी बघा. साध्या मोरचुदाच्या पाण्याचा पीएच ५ च्या जवळपास असतो, तिथेच ठेवा. कमी असेल तर पातळ कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने, जास्त असेल तर पातळ हायड्रोक्लोरिक. पावडर टाकल्यावर दहा मिनिटांनी परत बघा कारण टरफल स्वतः पीएच हलवतं.

५ च्याच मागे एवढं का लागायचं तर बोर्डो बनवणारा कुठलाही शेतकरी सांगेल, मोरचुदात चुन्याची निवळी गेली की निळा साका तयार होतो. म्हणजे पाणी अल्कली झालं की तांबं हायड्रॉक्साइड होऊन आपोआप बाहेर पडतं, त्याला टरफल लागत नाही. १०० मिलिग्रॅमच्या पाण्यात हे साधारण साडेपाच-सहाच्या पुढे सुरू होतं. पीएच ८ ला प्रयोग करून "९८ टक्के काढलं" म्हणणारे रिपोर्ट मी बघितलेत, ते श्रेय कॉस्टिक सोड्याचं. दुसरीकडे पीएच २ ला गेलात तर पाळण्यात सगळीकडे हायड्रोजन बसलेला, जेमतेम काही निघेल. एकदा मुद्दाम २, ३, ४, ५ असे चार पीएच घेऊन करून बघा, ग्राफ फार देखणा येतो.

आता हलवणं. शेकर असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर दर पाच मिनिटांनी हाताने उलटसुलट करा, घरातल्या पोरांना कामाला लावा, फक्त झाकण घट्ट आहे ना बघा. वेळेचा अभ्यास करायचा असेल तर ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांसाठी वेगवेगळ्या बाटल्या ठेवा, एकाच बाटलीतून सारखं काढत राहिलात तर पाणी आणि पावडरीचं प्रमाण बिघडत जातं. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत झपाट्याने उतरतं, मग रेंगाळतं, दीड-दोन तासांनी आकडा हलायचा थांबतो.

गाळताना पहिले १०-१५ मिली बाजूला टाकून द्या. फिल्टर पेपर पण सेल्युलोजच आहे, तो पण तांबं धरतो, पहिल्या पाण्यात त्याची भूक भागली की पुढचं खरं येतं. मग ५० मिली नळीत, २ मिली अमोनिया आणि तुलना. ब बाटलीचं पाणी पण अमोनिया टाकून बघा, अमोनियाने टरफलाचा पिवळेपणा आणखी गडद होतो आणि निळ्यात मिसळून हिरवट दिसतो. ब जास्तच पिवळी दिसली तर पावडर परत धुवायला घ्या, डोळ्याने अंदाज मारत बसू नका.

हिशोब

सूत्र एकच, सुरुवातीचं वजा उरलेलं, गुणिले पाणी किती लिटर, भागिले पावडर किती ग्रॅम. उत्तर येतं एका ग्रॅमने किती मिलिग्रॅम धरलं. समजा १०० चं ४० झालं, ६० गेलं, पाणी ०.२ लिटर, पावडर १ ग्रॅम, म्हणजे १२ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आणि टक्केवारीत ६०. आता पावडर २ ग्रॅम केली आणि समजा २५ उरलं. टक्केवारी ७५, वा! पण प्रति ग्रॅम फक्त साडेसात. टक्केवारी वाढवायची असेल तर नुसती पावडर ओतत राहा, कधीतरी ९५ येईलच, त्यात काय मोठं. म्हणून दोन्ही आकडे लिहायचे आणि किती पावडर, किती पाणी, सुरुवातीला किती धातू, पीएच किती हे सोबत लिहायचं, नाहीतर "९५ टक्के" ह्याला काही अर्थ नाही.

वेगवेगळ्या सुरुवातीच्या पाण्यावर (२०, ४०, ६०, ८०, १००) हेच करून लँगमुइरची रेषा काढता येते. आयर्विंग लँगमुइरने १९१८ साली मांडलेलं समीकरण, त्याला पुढे १९३२ चं केमिस्ट्रीचं नोबेल पण मिळालं. आडव्या अक्षावर उरलेलं तांबं, उभ्यावर उरलेलं भागिले धरलेलं, सरळ रेषा आली तर तिच्या उतारावरून जास्तीत जास्त क्षमता निघते. रेषा आली म्हणजे आत नेमकं काय घडतंय ते सिद्ध झालं असं मात्र नाही, पाच ठिपक्यांतून रेषा कशीही काढता येते.

आणि हा हिशोब जरूर करा. १००० लिटर पाणी, लिटरला ५० मिलिग्रॅम तांबं, म्हणजे एकूण ५० ग्रॅम तांबं. ग्रॅमला १० मिलिग्रॅम धरणारी पावडर असेल तर ५ किलो लागली, आणि प्रत्यक्षात जास्तच लागेल कारण पाण्यात धातू कमी होत गेला की पावडरीची पकड पण मंदावते. एका टाकीला ५ किलो, रोजच्या दहा टाक्यांना ५० किलो. अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत कोणाला हे विकायचं स्वप्न असेल तर आधी हा गुणाकार.

नळीतून सोडणं

बाटलीत जमलं की कॉलम करून बघा. जुनी ब्युरेट किंवा पारदर्शक पाइप, तळाला काचेचा कापूस, वर पावडर, वर परत कापूस. पावडर कोरडी भरू नका, आधी रात्रभर भिजवा, टरफल पाण्यात फुगतं आणि कोरडं ठासून भरलं तर नळी चोंदते. सलाईनच्या सेटने थेंबाथेंबाने पाणी सोडा, जमलं तर खालून वर, म्हणजे मध्ये हवेचे बुडबुडे आणि पाण्याच्या चोरवाटा होत नाहीत. बाहेर येणाऱ्या प्रत्येक १०० मिलीला अमोनियाचा थेंब टाकून बघत राहा. बराच वेळ काही दिसत नाही आणि मग एका टप्प्याला फिकट निळं दिसायला लागतं, तिथे कॉलम भरला. तिथपर्यंत किती लिटर गेलं ते लिहा, उद्योगवाल्यांना रस ह्याच आकड्यात असतो.

क्रोमियमबद्दल, कारण विचारलं जातंच

प्लेटिंगमधलं सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सरकारक आहे, घरी नको. लॅबमध्ये सरांच्या देखरेखीखाली करणार असाल तर दोन गोष्टी. ते पाण्यात ऋण भाराचं असतं, त्यामुळे सगळं उलटं, तिथे पीएच २ च्या आसपास जास्त निघतं. आणि आंबट पाण्यात टरफलं सहाच्या क्रोमियमचं तीनच्या क्रोमियममध्ये रूपांतर करतात. डायफिनाइल कार्बाझाइडची गुलाबी-जांभळी टेस्ट फक्त सहाचं क्रोमियम दाखवते, त्यामुळे रंग गेला म्हणजे क्रोमियम गेलं असं वाटतं आणि तीनचं तिथेच पाण्यात असतं. एकूण क्रोमियम मोजल्याशिवाय काही लिहू नका.

वापरलेल्या पावडरीचं काय

ह्या भागावर प्रोजेक्टमध्ये जेमतेम दोन ओळी असतात, माझ्या मते अर्धं प्रकरण इथे पाहिजे. तांबं नाहीसं झालेलं नाही, ते पाण्यातून टरफलात आलंय. चुलीत घातलंत तर राखेत येईल, उकिरड्यात टाकलंत तर शेतात, जनावराने खाल्लं तर जनावरात. शेळ्या-मेंढ्यांना तर तांबं फार बाधतं, मेंढीला जास्तच.

थोड्या मालासाठी हे करा. एक लिटर पाण्यात साडेआठ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड (ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही), त्यातलं ५० मिली घेऊन वापरलेली पावडर तासभर भिजवा. बरंचसं तांबं सुटून ॲसिडमध्ये येतं, २०० मिलीतलं आता ५० मिलीत. पावडर धुवून परत एक-दोनदा वापरता येते, दर फेरीला थोडी कमी पडते, किती कमी ते मोजा, चांगला तक्ता होतो. त्या ५० मिलीत दोन-तीन घासून स्वच्छ केलेले लोखंडी खिळे टाकून ठेवा. थोड्या वेळात खिळ्यावर लालसर पापुद्रा धरायला लागतो, बोटाने पुसला तर निघतो, ते तुमचं तांबं, टरफलातून परत आलेलं. प्रदर्शनात टेबलावर हीच बशी पुढे ठेवा, परीक्षक तिथेच थांबतात.

उरलेल्या पाण्यात चुन्याची निवळी घालून साका बसवा, साका वाळवून डबीत भरून लेबल लावा. वरचं नितळ पाणी अमोनियाने तपासूनच मोरीत सोडा. अमोनिया घातलेली नळ्यांतली पाणी ह्या ॲसिडच्या भांड्यात ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करून लॅबच्या वेस्टमध्ये द्या, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला जाणाऱ्या गटारीत तर नाहीच नाही. डबीतला साका आणि थकलेली पावडर कॉलेजच्या लॅब असिस्टंटकडे द्या. कारखान्याच्या पातळीवर असा माल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो, त्याचं रजिस्टर ठेवावं लागतं आणि तो रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणी पाठवावा लागतो, वाहतुकीसकट पैसे भरून. टरफल फुकट मिळालं तरी ते बाहेर काढायचा खर्च फुकट नसतो, तो प्रति किलो विचारून घ्या आणि वरच्या ५ किलोच्या हिशोबाखाली आणखी एक ओळ लिहून ठेवा.